सातावर अडकलेलं माप

आबा, तुमची मोजणी आज इथं होसूरच्या डाळीच्या कारखान्यात चालली, तेच सांगायला बसलोय.

दहावी नापास झाल्यावर मी तुमच्यामागं तलवाड्याच्या खळ्यांवर यायचो. तुम्ही मापारी. पायली भरेपर्यंत आकडा तोंडात धरायचा, एक म्हणायच्या जागी "लाभ, लाभ, लाभ", ती पोत्यात पडली की लगेच "दोन, दोन, दोन". एकदा माप माझ्या हाती दिलंत. मी पायलीवर पायली ओततोय आणि तोंडानं नुसतं "सात, सात". तुम्ही मनगट धरलंत. "कावून रे, सातालाच खुंटा ठोकलास काय? आकडा पुढं सरकंना, तर पोतं भरलं हे तुला कोण सांगंल?" सगळं खळं हसलं. मला लई राग आला. महिन्याभरात गाव सोडलं, आणि तुम्ही गेलात तेव्हाही मी इथंच होतो.

इथं चार वर्षं पोती उचलली, मोबाइलवर बघून प्रोग्रॅम लिहायला शिकलो. परवा पोती भरायच्या मशीनसाठी मीच लिहिला: वीस मापं होईपर्यंत ओत, मग थांब. बटण दाबलं. वीस झाली, तीस झाली, मशीन थांबतच न्हाई! डाळ घोट्यापर्यंत आली. परळीचा एक जोडीदार ओरडतोय, "काय बे, तुरीचा धबधबा काढला का?" सुपरवायझर म्हणाले, अजून एकदाच संधी, नाही जमलं तर पुन्हा पोतीच उचल.

डाळ झाडता झाडता उमगलं. ओत म्हणालो होतो, पण दर मापाला आकडा वाढव हे लिहिलंच नव्हतं. मशीनच्या लेखी सगळं लाभच! ती ओळ घातली. तोंड चुकलं तर म्हणून तुम्ही दर पायलीला एक हरभरा बाजूला टाकायचात, तशी दुसरी मोजणीही वेगळी ठेवली. त्या मोजणीत पंचवीस झाली की काही झालं तरी थांब, घंटा वाजव.

आज मशीन विसाव्या मापाला गप्प उभं राहिलं. सुपरवायझर म्हणाले, "नशीब." मग मी मुद्दाम आकडा वाढवायची ओळ काढली आणि परत चालू केलं. पंचविसाव्याला घंटा! जोडीदारानं मला उचलूनच घेतलं. उद्यापासून ते मशीन माझ्या ताब्यात हाय, आबा.

हा कागद माझ्याच खिशात राहणार, म्हणून खरं लिहितो. कुणी शिकवलं, असं सुपरवायझरनी विचारलं. सगळे ऐकत होते. मी म्हणालो, मोबाइलनं.