टेकचंदच्या दातांना पर्याय

३ नोव्हेंबर, सकाळी ७.
नवी वही. आजपासून आमची राईस मिल ग्लोबल. लॅपटॉपवर एआय बसवला. तो परदेशी पार्ट्या शोधेल, भाव ठरवेल, कंटेनर बुक करेल, माझ्या नावाने मेलही लिहील. मी फक्त व्हिजन द्यायचं.

६ नोव्हेंबर.
टेकचंदला काढलं. एकतीस वर्षं आमच्याकडे माल तपासतो. तांदळाचा दाणा दाताखाली फोडतो आणि ओलावा किती ते सांगतो. जग कुठे गेलं आणि हा अजून दातांवर! समजावलं की आता कॅमेरा तपासेल. तो म्हणाला, कॅमेऱ्याले दात हायेत का भाऊ? डबा उचलून गेला. जाताना नमस्कार केला तो मशीनला, मला नाही. वाईट वाटलं. पाचेक मिनिटं.

११ नोव्हेंबर.
कोटोनूची पार्टी! पश्चिम आफ्रिकेतलं बंदर. दहा कंटेनर उसना, म्हणजे उकडा तांदूळ. त्यांच्याकडूनही एआयच बोलतो. दोघांचं दिवसभर चालू असतं. इतकं गोड बोलणं आमच्या घरात कधी झालं नाही. ही ऑर्डर हातची गेली तर उन्हाळ्यापर्यंत मिल बंद, हे बायकोला सांगितलेलं नाही. जाणारच नाही तर सांगायचं कशाला?

१४ नोव्हेंबर.
एआयने जुनी माहिती मागितली. ऑफिसातल्या प्रेरणाने तपासणीच्या सगळ्या रजिस्टरांचे फोटो काढून दिले. मी वाचले नाहीत. व्हिजनवाल्याने रजिस्टर वाचायचं नसतं.
सॅम्पल कुरिअरने रवाना. कॅमेऱ्याला ओलावा दिसत नाही म्हणे, रंग दिसतो. रंग झकास आहे.

२६ नोव्हेंबर.
सॅम्पलला कुबट वास येतो अशी कोटोनूची तक्रार. हवामान त्यांचं, दोष आमचा! तुमच्याकडे माल कोण तपासतं, असंही विचारलं. एआयला म्हटलं, तूच उत्तर दे, आपला व्यवहार स्वच्छ आहे, काही लपवू नको. मी सौंदडला लग्नात होतो.

२८ नोव्हेंबर.
उत्तर आज वाचलं. एआयने रजिस्टरं वाचून कळवलं की श्री. टेकचंद यांनी पास केलेला माल एकतीस वर्षांत एकदाही परत आलेला नाही. मात्र ६ नोव्हेंबरनंतर त्यांची सही दिसत नाही. इतकं खरं बोलायला कोणी सांगितलं होतं?
पार्टीची अट आली: टेकचंदची सही असेल तरच माल. प्रॉब्लेम नाही. त्याला चीफ क्वालिटी ऑफिसर करतो. माणूस पाघळेल.

३० नोव्हेंबर.
टेकचंदच्या घरी गेलो. त्याची बायको नंदाबाई म्हणाली, ते आता इंद्रकुमारच्या मिलवर कामाले जाऊन राहिले. इंद्रकुमार! त्याच्याकडे लॅपटॉप सोडा, बसायला धड खुर्ची नाही. तिथे गेलो, स्टुलावर बसलो. पदाचं नाव सांगितलं. टेकचंद म्हणाला, राग नाही भाऊ, पन आता इंद्रकुमारले शब्द देल्लो. चहा त्यानेच पाजला. कप रिकामा करून मी उठलो.
घरी येऊन एआयला सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायचं होतं.

४ डिसेंबर.
एआयने तेही कोटोनूला कळवलं. दहा कंटेनर इंद्रकुमारच्या मिलमधून जाणार. बायकोला सांगावं लागलं. ती नेहमीसारखी जेवायला वाढत राहिली, हे जास्त वाईट.

७ डिसेंबर, दुपारी.
मिल बंद. टेकचंदचा निरोप आला. इंद्रकुमारला आता विदेशी मेल सांभाळायचे आहेत, तेव्हा सोमवारी लॅपटॉप पाठवून द्या. तुम्ही नाही आले तरी चालते.