इंदिराबाईंनी दिलेली वही

यावल, गुरुवार

प्रिय मयुरी, पोरी,

सोमवारी तू आणि हेमराज धुळ्याहून कामिनीला घरी आणणार, म्हणून इकडे यावललाही सणाची गडबड सुरू आहे. तुझ्या आईनं तीन फ्रॉक शिवून ठेवले. मूल पाहिलं नाही, मग माप कुठून आणलंस, असं मी विचारलं. तर म्हणाली, "चार वर्षांची पोर केवढी असते, ते मला शिकवू नका. तुम्ही तुमची कविता करा." तेच तर होत नाही, बाई. "आबा, माझ्यावर केली होती तशी एक कामिनीवर करा, आल्या दिवशी वाचून दाखवीन," असं तू फोनवर म्हणालीस आणि मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. आठ दिवस झाले, पॅडवरचा कागद कोरा आहे. कारण तुझ्यावरच्या त्या कवितेखाली मी काही दडपून ठेवलं आहे. ज्या संस्थेतून आम्ही तुला आणलं, तिथंच सोमवारी तुम्ही सह्या करणार. तिथल्या एखाद्या जुन्या बाईंच्या तोंडून तुला कळण्याआधी ते माझ्या हातून तुझ्यापर्यंत पोहोचावं, एवढीच धडपड आहे.

सत्तावीस वर्षं झाली. तू तीन वर्षांची होतीस. धुळ्याहून चोपड्यामार्गे येणाऱ्या एसटीत तू तुझ्या आईच्या मांडीवर बसली होतीस. चोपडा सोडल्यावर केळीच्या बागा लागल्या, तशी तू काचेला नाक लावलंस. मला वाटलं, आपण जगातलं सगळ्यात देखणं ओझं घेऊन चाललोय. वर्गात पोरांकडून कविता घोटून घेणारा मास्तर मी, पण त्या दिवशी एक ओळ आठवेल तर शपथ! निघताना संस्थेतल्या समाजसेविका इंदिराबाईंनी मला एक निळी वही दिली होती. तू तिथं कशी आलीस, कुणी आणलं, काय खातेस, कशाला घाबरतेस, असं सगळं त्यांनी आपल्या सरळ अक्षरात लिहिलं होतं. म्हणाल्या, "गुरुजी, हे दरवर्षी थोडं थोडं तिला वाचून दाखवा. जेवढं तिला पेलेल तेवढंच, पण खरं." मी मान डोलावली, घरी आलो आणि वही ट्रंकेत जुन्या क्रमिक पुस्तकांखाली ठेवून दिली.

आणि कविता केली. 'केळीच्या पोंग्यात निजली परी, उलगडलं पान, आली आमच्या घरी.' तुला दत्तक आणलं हे आपल्या घरात कधीच चोरून ठेवलं नाही, ते मीच अभिमानानं सांगत फिरायचो. पण पोंग्यातून परी येते, तेव्हा तिला आणून ठेवणारं कुणी असावं लागत नाही. मला तेच हवं होतं. वहीच्या दुसऱ्या पानावर एक बाई होती, आणि तुझ्या-माझ्यामध्ये ती नको होती मला. तुझी आई तेव्हाच म्हणाली होती, "इंदिराबाईंनी सांगितलं ते करा हो. पोरीला माणसाची गोष्ट द्या, झाडाची कशाला?" मास्तर ऐकतो होय!

मग चौथीतलं तुझं स्नेहसंमेलन. तू ती कविता इतकी गोड म्हटलीस की मुख्याध्यापकांनी डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग तुला 'ए पोंगे' म्हणायला लागला. घरी येऊन तू रिबिनी सोडून टाकल्यास आणि विचारलंस, "आबा, माणसं केळीतून येत नाहीत. मला तिथं कोणी नेऊन ठेवलं?" त्या क्षणी ट्रंक चार हातांवर होती. मी काय केलं? तुला जवळ घेऊन तीच कविता पुन्हा म्हटली, यावेळी चालीवर. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलीस. त्यानंतर कधीच काही विचारलं नाहीस. मला वाटलं, पोरीची समजूत पटली. आता कळतं, तू मला सांभाळून घेतलंस. नऊ वर्षांची होतीस ग तू.

नवल बघ, माझं स्वतःचं नाव उखर्डू. माझ्याआधीची तीन भावंडं वाचली नाहीत, म्हणून माझ्या मायनं मला जन्मल्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या मंदाबाईनं उचललं आणि सूपभर ज्वारी घेऊन मायला परत दिलं. टाकलेल्या पोराला सटवाई विसरते, अशी आपल्याकडची समजूत. माय हे सगळ्यांसमोर हसत सांगायची, "याले मी उकिरड्यावरून आणेल आहे." मंदाबाई तर म्हातारपणीही दारावरून जाताना हाक मारायची, "कारे उखर्डू, मी उचललं नसतं तर मास्तर झाला असता का?" मला कधी वाईट वाटलं नाही. उलट दोन घरची माया मिळाली. पहिल्यापासून खरं सांगितलेलं मूल कसं वाढतं, याचा दाखला माझ्याच नावात होता, आणि मीच तुला ते दिलं नाही.

म्हणून सांगतो, कामिनीवर कविता मागू नकोस. ती तुला लगेच आई म्हणणार नाही, म्हणून तिच्यामागे लागू नकोस. संस्थेतला एखादा विटका फ्रॉक ती सोडणार नाही, तो धुवायचीही घाई करू नकोस. उशीखाली बिस्किटं लपवील, लपवू दे. तू पोळी लपवायचीस. आणि आधीचं विचारील तेव्हा तोंड फिरवू नकोस. मला तू मिळालीस ती कशाच्या बदल्यात, हे तुला सांगण्यापासून मी पळालो. तरी तू मला आबा म्हटलंस, माझं ऑपरेशन झालं तेव्हा रजा काढून महिनाभर उशाशी बसलीस. एवढं मला मिळालं, पोरी. कुणाकुणाचे आभार मानू?

वही या पत्राबरोबर पाठवतो आहे. तू एकटी वाच, नाहीतर हेमराजला जवळ बसव. पण दुसरं पान मीच सांगतो, तेवढा अधिकार ठेव. तुझी जन्मदात्री सोनगीरकडची, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. नवरा गेलेला, स्वतः छातीच्या दुखण्यानं पार खचलेली, मागे कुणी नाही. नाव इंदिराबाईंनी लिहिलेलं नाही. तुला टाकलं नव्हतं तिनं, बोट धरून घेऊन आली होती. विचार बदलायला दोन महिने असतात, त्या मुदतीत ती एकदा परत आली. इंदिराबाईंना वाटलं, न्यायला आली. पण ती खिडकीतून तुला खेळताना बघत उभी राहिली आणि जाताना म्हणाली, "जपताना तिले कान धराले लागस, धरू द्या." झोपताना तू तुझ्या आईच्या कानाची पाळी का धरायचीस, ते आम्हाला असं आधीच कळलं होतं. आणि दुसरं तिनं सांगितलं, "तिनं नाव मयुरी शे. बदलू नका." आम्ही बदललं नाही, एवढं एकच मी इंदिराबाईंचं ऐकलं. पण शाळेत, लग्नात, तुझ्या सासरी, सगळीकडे लोक म्हणत आले, "कवी माणूस, किती सुरेख नाव ठेवलंत!" आणि मी सत्तावीस वर्षं नुसता हसत राहिलो. ते नाव तिचं आहे, बाळ. सोमवारी सही करशील तेव्हा तुला हे माहीत असावं, म्हणून हे पत्र.

तुझाच,
आबा