माझा पाय बाजूला

सोम. ३ नोव्हें.
श्रीशैल टेस्ट पास. मैदानात गाडीनं आठाचा आकडा काढला, झालं, लायसन्स पक्कं. मालकांचा, अण्णांचा भाचा, म्हणून आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पेढे. शिकवलं मी, पण पेढा घेतला नाही. येत्या सोमवारी हा आई, बायको आणि तान्ह्या लेकीला घेऊन एक्स्प्रेसवेनं मुंबईला निघणार. आजवर चाळीसच्या पुढं काटा गेला नाही याचा.

मंगळ. ४
अण्णांना न विचारता स्कूलची गाडी काढली. श्रीशैलला हायवेवर नेलं. होटगीकडं उतरायचा रस्ता चुकला, तर पठ्ठ्यानं गाडी थांबवून थेट रिव्हर्स टाकला! मागून ट्रक. माझ्या बाजूचा ब्रेक दाबला आणि ओरडून पुढं काढायला लावली.
“मॅडम, चुकलं की सगळे मागंच घेत्यात की.”
आणि आधी थांबवली ती तरी त्यानं एकट्यानं कुठं? शिकाऊ गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक. माझा पाय सवयीनं आधीच पोचलेला. त्याला वाटतं, आपल्याला येतं.

बुध. ५
अण्णांना म्हटलं, हायवे शिकवल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही. आणि लायसन्स मिळालं की एक फेरी मी मागच्या सीटवर बसून घेणार.
“लई शाणी झालीस. लायसन देणारे इचारत न्हाईत, तू कोण? गिऱ्हाईक दुसरीकडं पळंल.”
पळू दे म्हटलं, वर जाण्यापेक्षा बरं.
“साकु! बास! उद्यापास्नं येऊ नगंस.”
बरं. गाडीची चावी त्यांनी मागितली नाही. मीही दिली नाही.

शुक्र. ७
नवरा म्हणतो, माफी मागून टाक. कशाची? चिडचिडीत भाजी करपली, तीच वाढली त्याला.
श्रीशैलच्या आईला, म्हणजे अण्णांच्या बहिणीला, वळसंगला फोन केला. रिव्हर्सचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पोरगी चार म्हैन्याची हाय वं,” एवढंच.

रवि. ९
सकाळी शुक्रवार पेठेत, आमच्या बोळात हॉर्न. श्रीशैल, घरची गाडी. शेजारी आई. “बसा मॅडम, मागं.”
बसले. पायाखाली नुसती मॅट. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. होटगीचा रस्ता पुन्हा चुकला. त्याचा हात गिअरवर गेला. मी गप्प, पाय मॅटवर रोवलेला. हात परत स्टिअरिंगवर आला. सरळ पुढं गेला आणि लांबून वळून आला.
“मुंबई कुटं पळून जाती? अजून शिकवा ह्येला,” आई म्हणाली. उद्याचं जाणं रद्द.
येताना तिनं गाडी मुद्दाम स्कूलवरून घ्यायला लावली. अण्णा दारात. बहिणीनं काच खाली केली. “अण्णा, मॅडम मागं बसल्यात, बगितलंस का?”
अण्णांनी वाकून मागं बघितलं, पण चावी आजही मागितली नाही.
उद्या नेहमीच्या वेळेला स्कूलमध्ये जाणार. चावी माझ्याकडंच आहे. अण्णांना हवं तर मागच्या सीटवर बसून बघू देत.