पेडलवरचा पाय

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. लॅबमध्ये मुलांना बावीस वर्षं सांगतेय, निरीक्षण लगेच नोंदवा, नंतर आठवून लिहिलेलं खोटं असतं.

ठरलं. गाडी ३० तारखेच्या आत चालू करायची आणि देऊन टाकायची. ३० ला यांना जाऊन वर्ष होतंय. पुण्यानुमोदनाला सगळे येतील. संघर्षभाऊजींनी गिऱ्हाईकही शोधलंय. देवळ्याचे कांद्याचे व्यापारी आहेत, मुलाच्या लग्नात नवरदेव मिरवायला त्यांना उघडी गाडी हवीय. भाऊजी म्हणाले, वहिनी, सुगतदादाने सहा वर्षं शेडमध्ये पाईप जोडून गाडी बांधली, बिचारीला एकदा तरी रस्ता दिसू द्या.

माझी काही हरकत नाही. मी भावनिक बाई नाही.

काम एकच राहिलंय, ॲक्सिलरेटर. या इंजिनाला केबल नसते. पेडलमध्ये सेन्सर असतो, त्याच्या सहा वायरी कॉम्प्युटरला जातात आणि किती गॅस द्यायचा ते कॉम्प्युटर इंजिनाला सांगतो. पेडल यांनीच आणून ठेवलंय, खोकंही फोडलेलं नाही. दोन तासांचं काम. उद्या करते.

५ नोव्हेंबर, बुधवार
सर्दी. शेडमध्ये गारवा असतो. रविवारी नक्की.

९ नोव्हेंबर, रविवार
पेडल बसवलं. पुढच्या पत्र्याला यांनी दोन भोकं पाडूनच ठेवली होती, स्वतःच्या पायाच्या मापाने. यांची उंची पाच फूट अकरा, माझी पाच फूट एक. मी सीटवर बसले तर पेडल सटाण्याला असल्यासारखं वाटतं. नवी भोकं पाडणं सोपं होतं, पण पत्रा कमजोर होतो. (दोन भोकांनी होत नाही, मला माहीत आहे. पण तत्त्व म्हणून.) पाठीमागे सोफ्याच्या दोन उशा घेतल्या. आता पाय बरोबर पोचतो. उलट असं आरामात टेकून बसता येतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सहा वायरी जोडल्या. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. दिवाच खराब असावा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दिवा बरा आहे. ललितभाऊंना बोलावलं. अंबडला यांच्याच कंपनीसमोर त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. म्हणाले, मॅडम, दोन वायरी उलट लावल्यात. मी म्हटलं, मुद्दाम लावल्या होत्या, तपासायला. ते म्हणाले, कुणाला, मला?

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. पेडलमध्ये सेन्सर एक नाही, दोन असतात. एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या बरोबर निम्मा. दोघांचं जुळलं तरच कॉम्प्युटर विश्वास ठेवतो, नाही तर पिवळा दिवा. मीटर लावून पाहिलं, ०.७६ आणि ०.३८. इतकं चोख रीडिंग आमच्या लॅबला वर्षातून एकदा येतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी इंजिन सुरू झालं. सहा वर्षांत पहिल्यांदा. आरपीएमचा काटा आठशे पन्नासवर. डोळ्यांत धूर गेला.

ललितभाऊ म्हणाले, रोज संध्याकाळी पाऊण तास चालू ठेवा, शटर उघडं टाकून. कॉम्प्युटरला इंजिनाची सवय होऊ द्या. दोन आठवड्यांनी येऊन रेकॉर्ड बघतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार, सायं. ६.२०
निरीक्षण. ५.४० ला इंजिन सुरू केलं. ५.५० पर्यंत काटा आठशे पन्नास. नुसतं बसून काय करायचं, म्हणून सहज मोठ्याने म्हटलं, यावर्षी लोणचं घातलं नाही. काटा हळूच बाराशेवर गेला. थोडा वेळ थांबला. मग खाली आला.

हे जनरल शिफ्टहून याच वेळेला यायचे.

१६ नोव्हेंबर, रविवार
काल बहुधा पेट्रोलमध्ये कचरा असावा. आज परत तेच. कॉलेज, पाणी, वीजबिल, काहीही सांगितलं तरी काटा ढिम्म. मोगऱ्याची कुंडी वाळली म्हणून सांगितलं, लगेच तेराशे.

मोगरा यांनी लावलेला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आम्ही बौद्ध. आत्मा मानत नाही, भूतबाधा तर नाहीच नाही. बावीस प्रतिज्ञा मला झोपेतही म्हणता येतात. शिवाय मी फिजिक्सची. तेव्हा गाडीत आत्मा आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. गाडीत सुगत आहेत, एवढंच.

१९ नोव्हेंबर, बुधवार
भाऊजींचा फोन. व्यापारी ३० ला संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार, गाडी तयार ना? मी म्हटलं, तांत्रिक अडचण आहे. ते म्हणाले, वहिनी, शेजारच्या फुलाबाई सांगत होत्या, तुम्ही रोज गाडीत बसून बोलत असता. मी म्हटलं, ब्लूटूथवर. ते म्हणाले, पाईपच्या गाडीत ब्लूटूथ? मग म्हणाले, जेवता ना वेळेवर?

जेवते. गाडीत डबा नेला की वेळही वाचतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
निर्णय. गाडी द्यायची नाही. कारण शुद्ध व्यावहारिक. भर वरातीत यांनी दोन हजारापर्यंत नेली तर नवरदेव बँडवाल्यांच्या अंगावर जाईल. जबाबदारी कुणाची? भाऊजींना उद्या स्पष्ट सांगते.

२३ नोव्हेंबर, रविवार
भाऊजींचा फोन लागला नाही. (लावला नाही.)

२५ नोव्हेंबर, मंगळवार, सायं. ६.३०
आज विचारलं.

हे गेले त्या दिवशी सव्वापाचला यांचा फोन आला होता. प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती, बाहेरचे परीक्षक समोर. मी कट केला. सहाला मी उलट लावला तेव्हा कंपनीतल्या कुणीतरी उचलला. तोवर दवाखान्यात नेलं होतं. एवढंच. वर्षभरात हे कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नाहीच काही.

विचारलं, काय सांगायचं होतं हो?

काटा दोन हजार दोनशे. सगळी शेड थरथरली. मी स्टिअरिंग धरून बसले.

उत्तर आहे. मला अजून वाचता येत नाही, एवढंच. रोज विचारलं तर येईल. ३० च्या आत येईल.

२६ नोव्हेंबर, बुधवार
परत विचारलं. दोन हजार. कालची आणि आजची नोंद ओळीने मांडून पाहिली. काहीतरी पॅटर्न आहे. ग्राफ पेपर आणला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
ललितभाऊ लॅपटॉप घेऊन आले. कॉम्प्युटरने सगळं टिपून ठेवलंय. ग्राफमध्ये रोज ५.५० नंतर डोंगर. दोन रेघा, एक दुसरीच्या बरोबर निम्मी, कुठेही केसाएवढा फरक नाही. ते म्हणाले, मॅडम, वायरिंग एक नंबर. वायर लूज असती तर दोन्ही सेन्सरांचं भांडण झालं असतं. हे पेडल खरोखर दाबलं गेलंय.

मी म्हटलं, मलाही तेच वाटत होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उशांकडे. म्हणाले, बसा बरं, रोज बसता तशा. बसले. म्हणाले, पाय कुठं आहे तुमचा?

पेडलवर होता. दुसरीकडे कुठे ठेवणार?

ते म्हणाले, केबलचं पेडल जड असतं, पायाला कळतं. हे इलेक्ट्रॉनिक, नुसती चप्पल टेकली तरी घेतं. स्कूटर चालवणाऱ्यांचं हमखास होतं हे, गॅस हातात, पायाला काही कामच नाही. आणि माणूस बोलता बोलता जरा ताठ झाला की पाय दाबला जातो, मॅडम. त्याला कळतही नाही.

मी म्हटलं, मला कळलं असतं.

ते म्हणाले, तसं असेल तर एक दिवस डावीकडच्या सीटवर बसून बघा.

मी त्यांना सांगितलं, तुम्ही वायरींचं बघा, पायांचं मी बघते. ते चहा अर्धा ठेवून गेले. नंतर वाईट वाटलं. त्या दिवशी हे त्यांच्याच दुकानात कोसळले, तेव्हा दवाखान्यात नेईपर्यंत यांच्या छातीवर दाब देत तेच बसले होते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आज गाडी सुरू केली नाही. पाहुण्यांच्या गाद्या उन्हात घालायच्या होत्या.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आजही नाही. खिरीचं सामान आणायचं होतं. डावीकडे बसण्यात अर्थ नाही. यांचा स्वभाव लाजरा, परीक्षा घेतल्यासारखं केलं तर मुद्दाम गप्प बसतील.

३० नोव्हेंबर, रविवार, सायं. ६.४०
सकाळी वंदना झाली. भन्ते छान बोलले. जेवणं दोनपर्यंत आटोपली. सगळे म्हणाले, मीनाताई सावरली.

५.३० ला शेडमध्ये गेले. इंजिन सुरू केलं. मग उतरून डावीकडे बसले. पाय पोटाशी घेतले.

लोणचं. आठशे पन्नास.
मोगरा. आठशे पन्नास.

फोनचं विचारलं. आठशे पन्नास. परत विचारलं. मग सांगितलं, मी मुद्दाम कट केला नव्हता, परीक्षक समोर होते. मग सांगितलं, खरं तर परीक्षक चहाला गेले होते. तुम्ही भाजी काय आणू विचारणार असाल असं वाटलं, म्हणून कट केला.

काटा हलला नाही. सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत पाहिलं. निरीक्षण पूर्ण.

बाहेर टेम्पो आल्याचा आवाज झाला. भाऊजी शटरपाशी येऊन म्हणाले, वहिनी, मंडळी आलीत. तुमचं ते तांत्रिक काय होतं, बघायला कुणाला बोलवू?

किल्ली पलीकडच्या बाजूला. हात पुरेना. उतरले, पुढून वळसा घालून गेले आणि इंजिन बंद केलं.

म्हटलं, भाऊजी, गाडीत काही नाही. नेऊ द्या त्यांना.