उंचावरच्या माणसासाठी किन्वाचे गोळे

आदरणीय वन्सं,

नमस्कार. वाकून केला आहे असं समजावं. प्रत्यक्ष वाकले तर कंबर परत सरळ होईल याची हमी या वयात कोणी देत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? जिना कठड्याच्या बाजूनेच चढता ना? भावजींचा खोकला गेला, की अजून फोनवर आमच्याशी आधी तोच बोलतो? इकडे आम्ही तिघंही मजेत आहोत. (मजेत म्हणजे नक्की काय, ते पुढे येईलच.)

तुम्ही पाठवलेलं दोन किलो किन्वाचं पाकीट आणि त्यासोबतची कृती मिळून आता दोन महिने होत आले. त्यावर तुम्ही तीनदा फोनवर विचारलंत, जमले का गं, आणि मी तीनदा 'हो' म्हणाले. त्या तीन 'हो'चा खुलासा म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोन वाजला की तुमचे बंधू शेजारी येऊन बसतात आणि 'ताईला विचार, जेवली का' असं मध्येमध्ये घालत राहतात. त्यांच्यासमोर हे सांगणं जमणारं नव्हतं.

हे सगळं सुरू कशावरून झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी ओघात पुन्हा लिहिते. गेली सतरा वर्षं तुमचे बंधू क्रेन चालवतात. त्यांच्या कंपनीचा नियम असा, की उपाशीपोटीची साखर ठराविक आकड्याच्या वर गेली तर माणूस वर चढायचा नाही, आणि नियम बरोबरच आहे. साठ मीटरवर कोणाला घेरी आली, तर 'जरा बसा, पाणी प्या' म्हणायला तिथे कोणी नसतं. मागच्या तपासणीत यांचा आकडा अगदी उंबरठ्यावर आला. डॉक्टरांनी महिनाभराने पुन्हा बोलावलं. दोष बिस्किटांचा होता. सकाळी एकदा वर चढलं की दुपारी जेवायला उतरायला वीस मिनिटं आणि पुन्हा चढायला त्याहून जास्त, त्यामुळे हे उतरतच नाहीत. क्रीमची बिस्किटं दिवसाला दोन पुडे, हेच जेवण. मी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही तीस वर्षं शाळेत गृहविज्ञान शिकवलंत, तशीच कृती लिहून पाठवलीत. जिन्नस डावीकडे, मापं उजवीकडे, महत्त्वाच्या शब्दांखाली दोन रेघा. 'भट्टी नको, तळण नको, साखर नको.' मी तो कागद फ्रिजच्या दारावर चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवला. (चारी कोपरे लक्षात ठेवा.)

तुम्ही लिहिलं होतंत, किन्वा फेस जाईपर्यंत धुवावा, नाहीतर कडू लागतो. आमच्या घरातली सर्वांत बारीक गाळणी म्हणजे चहाची. तिच्यात एका वेळी दोन चमचे मावतात. पाव किलो धुवायला मला जो वेळ लागला असता तेवढ्यात बाळंतपण होतं. म्हणून मी मोठी चाळणी घेतली. किन्वाचा राजगिऱ्यासारखा बारीक दाणा मोठ्या चाळणीतून किती सहज आणि आनंदाने जातो हे मला पाणी सोडल्यावर कळलं. निम्मा मोरीच्या जाळीतून खाली गेला. मी म्हटलं, गेला तर गेला, अन्नच आहे, वाहून जाईल. चौथ्या दिवशी मोरी तुंबली. प्लंबर आला, त्याने खालचा वाकडा पाइप उघडला आणि बोटभर पांढऱ्या मोडांचा झुपका बाहेर काढून माझ्यासमोर धरला. "बाई, पाइपात शेती करता का?" म्हणाला. आपली लेक दारातून म्हणाली, "काका, तोडू नका, तेवढंच एक चांगलं उगवलंय आईच्या हातून." सोळा वर्षांची आहे, जीभ मात्र तुमच्या घराण्याची आहे.

उरलेला किन्वा शिजवला. तुम्ही 'मोकळा' लिहिलं होतंत. माझा झाला तो पोस्टात पाकिटं चिकटवायला उपयोगी पडला असता. त्यात बिया काढून वाटलेला खजूर, शेंगदाण्याचं लोणी आणि मध घातल्यावर गोळा वळेना. बोटांना लागून वर यायचा आणि सोडवायला दुसरा हात लावला की त्यालाही लागायचा. लेकीने विचारलं, "हे खायचंय की भिंतीला द्यायचंय?" मी ओट्स घातले. मग ते कोरडं झालं, म्हणून मध घातला. मग सैल झालं, म्हणून ओट्स. हे किती वेळ चाललं ते विचारू नका. तुमच्या मापाने चोवीस व्हायचे होते, माझे एकशे सात झाले. फ्रिजमधला दुधाचा कप्पा, अंड्यांचे खड्डे, औषधांची ट्रे, सगळीकडे गोळे. पण वन्सं, चव! चव खरोखर चांगली होती. उभ्याउभ्या मी चार खाल्ले आणि तुम्हाला मनातल्या मनात धन्यवाद दिले.

आता ते वर पोचवायचे कसे? डबा यांना नको असतो, शिडी चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. कागदात दिले तर खिशात चेपून परत मूळ पदावर येतात. शेवटी माझ्या दुकानानेच तोड दिली. चष्म्याच्या दुकानात काम केल्याचा एवढा तरी फायदा व्हावा. आमच्याकडे टणक चष्म्याच्या डब्या ढिगाने पडून असतात. एका डबीत आतलं कापड काढून बटरपेपर घातला की सहा गोळे ओळीत बसतात, जणू तिथेच जन्मले. दोन डब्या, दोन खिसे, बारा गोळे. पौष्टिकच आहेत, साखर नाही, तुमच्या ताईचीच कृती आहे, भूक लागली की निवांत खा, असं मी सांगितलं. यांनी बिस्किटं त्याच दिवशी सोडली. सतरा वर्षांत माझं सांगितलेलं एवढं तंतोतंत त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. आणि ऐकलं तेही नेमकं हेच.

तपासणीचा दिवस आला. पुढचं मला यांनीच सांगितलं, आणि तुम्हाला माहीत आहे, हे सांगतात म्हणजे तीन वाक्यांत. बाकीचं मला खोदून काढावं लागलं. आधी डोळ्यांची तपासणी. डॉक्टर म्हणाले, जवळचं वाचायचा चष्मा असेल तर लावा. यांनी सवयीने खिशातली डबी काढून टेबलावर उघडली. आत चष्मा नाही, आदल्या दिवशी उरलेले तीन गोळे.

"हे काय?"

"घरचं आहे साहेब. पौष्टिक. घ्या ना."

डॉक्टरांनी खरंच एक घेतला. छान आहे म्हणाले. काय काय घातलंय विचारलं. यांनी अभिमानाने सांगितलं : किन्वा, ओट्स, खजूर, मध. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती खाता? हे म्हणाले, "बारा. कधी काम लांबलं तर चौदा." डॉक्टर चावायचे थांबले. मग रक्ताचा कागद आला. आकडा उंबरठ्यावर नव्हता, चांगला दिवाणखान्यात येऊन बसला होता. बिस्किटांच्या वेळेपेक्षा वर!

त्यांना महिन्यासाठी खाली ठेवलं आहे. फाटकाशी एक पत्र्याची खोली आहे, तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना हेल्मेट द्यायची आणि परत घ्यायची. फोरमन चांगला माणूस आहे, चिडवत नाही. पण परवा मी दुकानातून परतताना तिथून आले, तेव्हा हे हेल्मेटं आकाराप्रमाणे लावून, पुसून, मान वर करून बसले होते. क्रेनवर बदली माणूस होता. मला पाहून म्हणाले, "बघ, ओझं किती झोकांडतंय. हात हलका नाही त्याचा." बस, एवढंच. घरीही चिडचीड नाही. जेवताना फक्त कधीतरी म्हणतात, "ताईने मनापासून पाठवलं होतं गं, पण तिच्या हिशेबात काहीतरी चुकलं." रागाने नाही म्हणत, पण म्हणतात.

तुमच्या हिशेबात काही चुकलं नव्हतं. तुम्ही काटकसरी, कागदाच्या दोन्ही बाजू वापरता. मागच्या बाजूला तुमच्याच अक्षरात, दोन रेघांसकट, लिहिलेलं आहे : 'दिवसाला दोनच. खजूर व मध हीही साखरच, हे त्याला बजावणे.' चारी कोपरे चिकटवलेल्या कागदाला मागची बाजू असते हे माझ्या डोक्यात आलं नाही; तपासणीनंतर कागद उलटला तेव्हा कुठे ती दिसली. तर असा सगळा घोटाळा. गेला महिनाभर मी खजूर निम्म्यावर आणला आहे, मध बंद केला आहे आणि रोज मोजून दोन देते. दुपारी हे आता खालीच असतात, तेव्हा डब्यातलं नीट जेवतात. घरच्या यंत्रावर आकडा आता खाली आला आहे. पुढच्या गुरुवारी पुन्हा तपासणी आहे. पास होतील असं वाटतं. भावजींना नमस्कार सांगा, गुडघ्याला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. १. कागदाच्या मागच्या बाजूचं तुमच्या बंधूंना अजून ठाऊक नाही. फोनवर विषय निघाला तर कृपा करून काही बोलू नका. मी स्वतःच सांगणार आहे.

ता. क. २. वर जे लिहिलं ते पुन्हा वाचून पाहिलं. त्यात एक ओळ खरी नाही. तो कागद मी तपासणीनंतर नव्हे, गोळे द्यायला लागल्यापासून नवव्या दिवशीच उलटला होता. फ्रिज पुसताना एक पट्टी सुटली आणि मागची बाजू दिसली. त्याच्या आदल्या दिवशी मोठा वारा होता. माझ्या दुकानाच्या दारातून यांची क्रेन दिसते. एका आजीबाईंना भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगून मी त्या क्रेनकडे बघत उभी राहिले होते. त्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचून परत पहिल्या ओळीवर आल्या तरी मी बघतच होते. संध्याकाळी हे घरी येऊन म्हणाले, आज केबिन एवढी हलत होती की थर्मासमधला चहा ओतता येईना, आणि हसले. सतरा वर्षं मी प्रत्येक वाऱ्याला अशीच दारात उभी आहे, आणि एकदाही त्यांना 'नका जाऊ' म्हणू शकले नाही. त्यांना खाली करमत नाही हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. कागदावर दोनच लिहिलेलं वाचलं. पट्टी परत चिकटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हात आपोआप बारापर्यंत गेला असं लिहिणार होते. पण हात आपोआप कुठे जात नाहीत, वन्सं. मी मोजले. त्यानंतर अठरा दिवस मोजले. त्यांच्या तब्येतीशी खेळत होते हे कळत होतं. तरी खाली येतील, एवढंच डोक्यात होतं. आले. आणि महिनाभर मी त्यांना हेल्मेटं पुसताना बघते आहे, आणि दोष तुमच्यावर जातोय तो ऐकून घेते आहे.

ता. क. ३. म्हणून विनंती. बुधवारी इकडे या. गुडघा दुखत असेल तर स्टेशनवर मी घ्यायला येते. गुरुवारच्या आधी, त्यांना वर जायला मिळण्याच्या आधी, मला त्यांना हे सांगायचं आहे, आणि तुमच्यासमोर सांगायचं आहे. माझी बाजू घ्यायला बोलवत नाही, त्यांची घ्यायला बोलवते आहे. ते मला काही म्हणणार नाहीत. गॅलरीत जातील, बूट पुसत बसतील आणि जेवायला वेळेवर येतील. ते गप्प बसतील. तुम्ही बसू नका.