सान हुआनच्या रात्री फुटलेलं इंजिन

मी, नोएमी तिकोना, वय एकोणतीस, वाहन-तंत्रज्ञ, राहणार एल आल्तो, हे पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी वाचेन याची डॉक्टरांना खात्री आहे, सेवेरोकाकांना नाही. ते काल माझ्या गाडीच्या टायरना लाथा मारून बघून गेले.

१. माझी मिनीबस धाकटी बहीण निल्दा हिला मिळावी. काकांची हरकत अशी: "पोरी, रेडिएटर कुठे असतो हे तरी ठाऊक आहे का तिला? तुझ्या बापाची गाडी, घरातल्या पुरुषाकडेच शोभते." गाडी बाबांची होती, हे खरं. काकांनी तिचा एकदा जीव घेतला आहे.

२. बाबा आजारी असताना काका ती चालवत. इंजिन थंड ठेवणारं रंगीत कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओतत. "पाणी देवानं दिलंय, त्याला रंग कशाला हवा?" एल आल्तोच्या चार हजार मीटर उंचीवर नुसतं पाणी चढावर लवकर उकळतं आणि जूनच्या रात्री गोठतं. सान हुआनच्या रात्री, वर्षातल्या सर्वांत थंड रात्री, ते गोठून फुगलं आणि इंजिनचा ब्लॉक, म्हणजे त्याचा मुख्य लोखंडी ठोकळाच, तडकला. काका म्हणाले, "थंडीच तशी होती." बाबांनी भावावर विश्वास ठेवला आणि मरेपर्यंत लोकांच्या गाड्या चालवल्या. नवा ब्लॉक शिक्षण संपल्यावर मी बसवला. तडकलेला मी सेवेरो तिकोना यांना देते. तो त्यांच्या दारात, चीर रस्त्याकडे करून ठेवावा.

३. निल्दाच्या पात्रतेबद्दल. रविवारी, इंजिन गार असताना, तिने झाकण उघडून, कूलंट किती थंडी सोसेल हे काट्यावर दाखवणाऱ्या मापकनळीत ते ओढलं.

"ताई, रंग फिका पडलाय. काटाही खाली आहे."

"म्हणजे?"

"कुणीतरी पाणी घातलंय. तू दवाखान्यात होतीस तेव्हा काका किल्ली घेऊन गेले होते."

या शुक्रवारी पुन्हा सान हुआनची रात्र आहे. तिने सगळं काढलं, नवं भरलं, इंजिन चालवून आतली हवा घालवली. मी हात लावला नाही.

४. मापकनळी तिचीच. तिने गाडी कोणालाही विकावी, काकांना सोडून.

५. मी परत आले तर कलम एक रद्द. गाडी मीच चालवीन. कलम दोनसाठी मात्र माझ्या मरणाची वाट पाहिलेली नाही. ब्लॉक आज सकाळीच पोचवला.

काकांनी दार उघडून विचारलं, "हे काय?"

मी म्हणाले, "तुमचा वाटा."

साक्षीदार:
ग्रोव्हर सिर्पा, शेजारी. ब्लॉक यांनी उचलला.
प्रिमितिवा चोके, शेजारीण. चीर रस्त्याकडे यांनी वळवून घेतली.

सही: नोएमी तिकोना
एल आल्तो, २० जून २०२३