केसरबाईंचा भाग

मी, श्रीमती सत्यभामा बद्रीनाथ औताडे, वय वर्षे बाहत्तर, धंदा केबल, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. कोणी आणलं असतं तर त्याचीच काळजी करावी लागली असती. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? मी म्हटलं, आमच्या गल्लीत पाणी यायचा वार, लवकर आटपा. त्यांनी लगेच सही केली.

कलम १. राहतं घर मुलगा चि. इंद्रजीत आणि मुलगी संध्या यांना निम्मं निम्मं. वरची कंट्रोल रूम संध्याच्या निम्म्यात धरावी, कारण तिथल्या वायरींचा गुंता तिच्याशिवाय कोणाला कळत नाही. बँकेतली ठेव नात संस्कृती हिच्या शिक्षणासाठी. ती काय शिकते यात कोणी नाक खुपसू नये.

कलम २. लोखंडी शिडी आणि पक्कड संध्याला. माझे यजमान कै. बद्रीनाथ यांनी याच शिडीवरून पडेगावात केबल ओढली. ते वर, मी खाली शिडी धरून. आमच्या संसारातलं निम्मं बोलणं असंच झालं आणि ते मला फार आवडायचं. शिडी भंगारात देऊ नये.

कलम ३. आमच्या शेजार केबल व्हिजन प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीतले माझे शेअर. आमच्यात त्याला पहिल्यापासून भाग म्हणतात, कारण ते गल्लीतल्याच लोकांनी घेतले. या शब्दामुळेच कंपनी वाचली, म्हणून इथे नमूद करते.

दहाएक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका बड्या कंपनीने आमची कंपनी विकत मागितली. त्यांचे साहेब आमच्या गच्चीवर येऊन म्हणाले, आता एचडीचा जमाना, ते तुम्हाला झेपायचं नाही. आमची स्थानिक वाहिनी ते बंद करणार होते. म्हणजे पाणी कधी येणार, कोणाची शेळी हरवली, कोणाचं लग्न, भीमजयंतीची मिरवणूक, सगळंच बंद. चहा यायच्या आत भागधारकांत दोन तट पडले. सायकल दुकानवाले कचरूभाऊ साळवे यांनी तर भाव ऐकून मनातल्या मनात दुकानावर मजला चढवला. मला विकायचं नव्हतं. मतं निघाली निम्मी निम्मी. राहिल्या माझ्या थोरल्या जाऊबाई केसरबाई. आमचा दोघींचा अबोला होता (कारण कलम ४ मध्ये येईल), म्हणून मी आशा सोडली.

साहेब हात जोडून म्हणाले, आजी, तुमचा भाग आम्हाला देऊन टाका.

"माझा भाग मी देनार नाय," केसरबाई म्हणाल्या. "आधी त्या सुनेचं काय व्हतं ते पाहू द्या."

साहेबांना वाटलं, म्हातारी मुरलेली आहे. त्यांनी भाव वाढवला. मग आणखी वाढवला.

"किती बी द्या. उद्याचा भाग हुकला तर पैशाकडं बघत बसू का?"

साहेबांनी बॅग आवरली. ते जिना उतरून गेल्यावर कचरूभाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला की जाऊबाई रात्रीच्या मालिकेबद्दल बोलत होत्या. सगळी गच्ची हसली. मला हसता हसता रडू आलं, आणि अबोला विसरून मी जाऊबाईंच्या हातात चहा दिला. त्यांनीही तो विसरूनच प्यायला.

कलम ४. नाही म्हटल्यावर एचडी आपल्या बळावर आणणं आलं. भागधारकांनी वर्षभराचा नफा सोडला. सगळ्यात जास्त कुरकुर करणाऱ्या कचरूभाऊंनीच घरोघर नवे सेट टॉप बॉक्स बसवले. पहिल्या दिवशी त्यांच्या दुकानापुढे मोठा टीव्ही लावला. केसरबाईंनी मालिकेतल्या सासूला निरखून पाहिलं आणि तिचा अंबाडा खोटा असल्याचं जाहीर केलं.

पुढे संक्रांतीला संध्याने आमच्या वाहिनीवर गल्लीतलं हळदीकुंकू थेट दाखवलं, आणि तिथेच टीव्हीही लावला. त्यात केसरबाई पडदाभर आल्या, आणि त्यांच्या कानात माझ्या सासूबाईंच्या कुड्या. सासूबाईंनी त्या मला देऊ केल्या होत्या. त्या हरवल्या, आणि कानातल्या या नव्या, माहेरच्या, असं जाऊबाई वर्षानुवर्षं सांगत आल्या. पण एका कुडीतला, सासूबाईंनी बदलून घेतलेला पिवळसर मोती एचडीत लिंबाएवढा दिसत होता. जाऊबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्यो एचडी लई वंगाळ हाय," त्या म्हणाल्या.

त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की आमचा अबोला तिथेच संपला. सबब, सदर कुड्या मी केसरबाईंना देते. त्या त्यांच्याकडेच आहेत, पण आता उजळ माथ्याने घालाव्यात.

कलम ५. मुंबईच्या त्याच कंपनीचं यंदा पुन्हा पत्र आलं आहे. वाळूजला नोकरीला असलेला इंद्रजीत म्हणतो, लोक आता मोबाइलवर बघतात, भाव आहे तोवर विकून टाकू. संध्या म्हणते, मग शेळी हरवली तर सांगायचं कोणाला? दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघं माझीच आहेत. माझ्यामागे त्यांनी या पत्रावरून तोंडं फिरवू नयेत, एवढाच मला घोर आहे. एका जोडी कुड्यांपायी आम्ही जावांनी जी वर्षं घालवली, ती मला माहीत आहेत.

म्हणून माझे भाग दोघांना सारखे, आणि वर उरणारा एक केसरबाईंना. एकमत झालं नाही तर दोघांनी मिळून मोठ्या आईच्या दारात जावं. मालिका चालू असताना जाऊ नये. भाव किती, हे सगळेच विचारतात. उद्या काय दाखवणार, हे विचारणारं एक तरी माणूस मत द्यायला असावं. त्या थोरल्या असल्या तरी माझ्या आधी जाणार नाहीत. त्यांची मालिका अजून चालू आहे.

कलम ६. माझी बातमी आमच्याच वाहिनीवर द्यावी, नथीतला फोटो लावून. पाणी यायचा दिवस असेल तर लोकांना ताटकळत ठेवू नये.

स्थळ: पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५
सही: सत्यभामा बद्रीनाथ औताडे

साक्षीदार १: कचरू साळवे
साक्षीदार २: डॉ. निशा खरात

साक्षीदारांची तिसरी ओळ कोरी का, याचा खुलासा: तिथे सही करायला केसरबाई कुड्या घालून आल्या होत्या. वकिलांनी समजावलं की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. सही करा किंवा भाग घ्या. जाऊबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "सही ऱ्हाऊ द्या. मला भाग पायजे."

कोणता, ते मी विचारलं नाही.